हवा काढताना

१

रविवारचा दुसरा चहा झाला, की चंद्रहास जुना स्वेटर चढवायचा, पोर्चमध्ये सतरंजी अंथरायचा आणि फियाटच्या खाली शिरायचा. अलीगंजच्या त्या गल्लीत याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. शेजारच्या मिश्राइन गच्चीवर कपडे वाळत घालताना वाकून विचारायच्या, "भाईसाहब, आज क्या खोला?" एरवी प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून फिरणारा हा माणूस रविवारी कोपरापर्यंत काळा होतो, याची त्यांना भारी गंमत वाटे.

गाडी त्याच्या वडिलांची. वर्ध्याहून ती त्याने स्वतः चालवत लखनौला आणली, तेव्हा त्याची मुलगी मुक्ता शाळेत जात होती. पहिल्या दिवसापासून ती त्याच्या मागे मागे. पाने पुसून हातात द्यायची, बॅटरी धरायची. कॉलेजात गेल्यावर तर कार्बोरेटर एकटीने उघडून साफ करून परत बसवायला लागली. मराठी तिला सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदीत. त्यामुळे गाडीखालून तो मराठीत सांगणार आणि वरून ही हिंदीत उत्तर देणार, असा त्यांचा रविवार चालायचा.

गेल्या जानेवारीत साधा ताप म्हणून सुरू झालेलं दुखणं तिच्या छातीत उतरलं. महिना संपायच्या आत मुक्ता गेली.

त्यानंतर गाडी तशीच उभी राहिली. पावसाळ्यात ब्रेक जाम झाले, टायर बसले. चंद्रहासने ती ठोकळ्यांवर चढवली आणि वर कापड टाकलं. त्याची बायको नयना बँकेत जायला पोर्चमधून निघायची ती बंद करून मागच्या फाटकाने निघू लागली. शेवटी दिवाळीनंतर एकदा जेवताना ती म्हणाली, "चालती करा, नाहीतर विकून टाका. पण कापडाखाली अशी नको. मला बघवत नाही."

म्हणून त्याने ब्रेक काढायला घेतले. चाकांमधली रबरं बदलली, नळ्या बदलल्या. आता राहिलं होतं हवा काढण्याचं काम. ब्रेकच्या नळ्यांमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, तर पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्याने चाकामागे पडून बारीकसं निप्पल सैल करायचं, ऑइलबरोबर हवा निघाली की ते आवळायचं आणि मग वरच्याला सोडायला सांगायचं.

दुसरं माणूस नव्हतं. चंद्रहासने एकट्याने करायची युक्ती काढली. निप्पलला पारदर्शक नळी लावली, तिचं टोक ऑइल भरलेल्या काचेच्या बरणीत बुडवलं, म्हणजे बाहेर गेलेली हवा परत आत ओढली जाणार नाही. आता उठायचं, पेडल मारून यायचं, परत आडवं व्हायचं आणि बघायचं. मागच्या डाव्या चाकाशी तो पडला, पान्याने निप्पल सैल केलं. आणि इतक्या वर्षांची जिभेला सवय, तोंडातून निघून गेलं,

"दाब."

गाडीच्या आत पेडलची स्प्रिंग कुरकुरली. नळीतलं ऑइल उसळलं आणि बरणीत भळाभळा बुडबुडे आले.

२

चंद्रहास पडल्या जागी पडून राहिला. काही वेळाने त्याने मान वळवून पोर्चच्या फरशीवर नजर टाकली. कुणाचे पाय नव्हते. उठून गाडीत पाहिलं. सीट रिकामी, पेडल वर.

त्याने स्वतःला समजावलं. नळीत दाब अडकला असेल, निप्पल उघडताच सुटला असेल. स्प्रिंग जुनी आहे, वाजते. आयुष्यभर त्याने प्रयोगशाळेतल्या मुलांना हेच शिकवलं होतं, की एकदा झालेली गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे.

मग तो परत आडवा झाला आणि नुसता गप्प राहिला. समोरून भाजीवाला ओरडत गेला, मिश्राइनच्या गच्चीवर बादली आदळली. नळीतलं ऑइल जागचं हललं नाही. तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "चहा." काही नाही. "बॅटरी." काही नाही. स्वतःचा आवाज ऐकून त्याला लाज वाटली. आपण कुणाची परीक्षा घेतोय, असं मनात आलं.

मग हळूच म्हणाला, "दाब."

स्प्रिंग कुरकुरली. ऑइल उसळलं. पेडल खाली गेलं आणि तिथेच राहिलं. वर येताना ते जो ठक आवाज करतं, तो आला नाही. पुढे काय म्हणायचं ते चंद्रहासला ठाऊक होतं. निप्पल आवळून तो म्हणाला, "सोड."

ठक.

त्या दिवशी जेवताना नयना म्हणाली, "आज लवकर आवरलंत?"

"थोडं राहिलंय," तो म्हणाला. "हवा आहे अजून."

३

हवा संपेना.

चारही चाकांची काढून झाली, की पुन्हा मागच्या डाव्या चाकाला बुडबुडे येत. चंद्रहासने प्रत्येक जोड पुसून पाहिला, कुठे ओल नव्हती. पेडलमागचा मास्टर सिलिंडर नवा घ्यायला तो लालबागेत, सुट्या भागांच्या बाजारात गेला. तिथला म्हातारा दुकानदार त्याला वर्षानुवर्षं ओळखत होता. "हवा तो कहीं न कहीं से आ ही रही होगी, साहब," तो पुडकं बांधत म्हणाला आणि मग सहज विचारलं, "बिटिया नहीं आई साथ में?"

चंद्रहास म्हणाला, "घर पे है."

खोटं बोललो असं त्याला वाटलं नाही, आणि परतीच्या वाटेवर स्कूटरवर बसल्या बसल्या त्याला त्याच गोष्टीची भीती वाटली.

नवा सिलिंडर बसला, तरी बुडबुडे आले. खरं तर त्याला हायसं वाटलं. आता तो रविवारची वाट बघेना, प्रयोगशाळेतून लवकर निघून उजेड असेतो गाडीखाली जाई. शब्दांत शब्द मिसळू लागले. "दाब... हां, शाब्बास... धर... प्रयोगशाळेत आज काय झालं माहितेय का... सोड." उत्तर कधी यायचं नाही. फक्त पेडल खाली जायचं आणि वर यायचं. तेवढ्यावर तो खूश होता. दाढी वेळेवर करू लागला. एकदा कणीक मळता मळता नयनाने त्याला शीळ घालताना ऐकलं आणि ती हात तसेच परातीत ठेवून थांबली.

"कुणाशी बोलता हो तुम्ही तिथे?" तिने विचारलं.

"कुणाशी नाही. सवय."

"मला नाही लागली अजून ती सवय," ती म्हणाली.

४

डिसेंबरच्या मध्यावर धुकं पडायला लागलं आणि त्याच सुमाराला पेडल मंदावलं.

आधी त्याला वाटलं, थंडीने ऑइल दाट झालं असेल. "दाब" म्हटल्यावर जरा थांबून कुरकुर येई. मग पेडल अर्ध्यावर जाऊन अडे, थरथरे, नेट लावल्यासारखं पुढे जाई. "धर" म्हटलं तरी धरवत नसे, आपोआप सुटून ठक आवाज होई आणि थोड्या वेळाने पुन्हा कुरकुर, पुन्हा प्रयत्न. बरणीतले बुडबुडे बारीक झाले. आधी भळाभळा येत, ते आता मोहरीएवढे आणि एकेक येऊ लागले.

चंद्रहासला हॉस्पिटलमधली ती वस्तू आठवली. प्लॅस्टिकच्या तीन नळकांड्या आणि त्यांत तीन रंगीत गोळ्या. श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या, फुप्फुसाचा व्यायाम. मुक्ताने पहिल्या दिवशी दोन उचलल्या होत्या आणि भुवया उडवून त्याच्याकडे पाहिलं होतं. मग एक. मग ती नुसती नळी तोंडात धरून बसायची, गोळी तळाशी थरथरायची, आणि तो पलंगाशी उभा राहून म्हणत राहायचा, अजून थोडं, बेटा, अजून थोडं.

तो बरणीतल्या बारीक बुडबुड्यांकडे बघत राहिला. ही हवा कुठून येते, हा प्रश्न इतके दिवस त्याने नळ्यांना विचारला होता. आता तो स्वतःला विचारायचं धाडस त्याला होईना.

"दाब," तो म्हणाला. खूप वेळ काही झालं नाही. मग कुरकुर.

"पुरे आता."

हे नयना म्हणाली होती. ती पोर्चच्या दारात उभी होती. कितीतरी महिन्यांत ती पहिल्यांदाच तिथे आली होती.

"मी खिडकीतून बघते रोज," ती म्हणाली. "तुम्ही खाली पडून बोलता, आणि गाडी हलते. मला वाटलं, मलाच भास होतोय. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, डॉक्टरकडे चल."

चंद्रहास गाडीखालून बाहेर आला. नयनाने पुढचं दार उघडलं. साडी सावरून ती स्टिअरिंगमागे बसली. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण कुठलं पेडल कोणतं, हे मुक्तानेच कधीतरी दाखवलं होतं. तिने चप्पल काढली आणि पाय पुढे केला. पावलाला काहीतरी लागलं, पण तो पाय तिने झटकन मागे घेतला नाही. अलगद तिथेच ठेवला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवल्यावर आईचा बदलतो तसा.

"इथे जागा नाहीये," ती म्हणाली.

बाहेर येऊन तिने दार लोटलं. त्याच्या हातातला पाना काढून घेतला.

"तिला दमवू नका हो," नयना म्हणाली आणि तिथेच गाडीला टेकून फरशीवर बसली.

५

त्यांनी गाडीला हात लावायचं बंद केलं. त्याबद्दल बोलायचंही बंद केलं. पण नयना आता पुन्हा पोर्चमधून जाऊ येऊ लागली. जाताना बोनेटवर तळवा टेकवून जायची.

एवढ्यावर राहिलं असतं, तर दोघांनी उरलेला जन्म असाच काढला असता. गाडी तशीच ठोकळ्यांवर ठेवली असती, कुणी विचारलं तर पार्ट मिळत नाही म्हणून सांगितलं असतं.

नाताळच्या सुट्टीत दुपारी ते जेवायला बसले होते. बाहेर धुकं इतकं, की दुपारी दिवा लावावा लागला होता. नयना वरण वाढत होती. पोर्चकडून आवाज आला. कुर्र, ठक.

दोघांचे हात थांबले.

कुर्र, ठक. कुर्र, ठक. कुणी "दाब" म्हटलं नव्हतं. पेडल आपलं आपण खाली वर होत होतं आणि मध्ये अंतर राहिलं नव्हतं. धाप लागलेला माणूस श्वास ओढतो तसं घाईघाईने, अर्धंमुर्धं. मध्येच थांबायचं. ते थांबणं जास्त वाईट होतं. चंद्रहास ताटाकडे बघत होता, वरणावर साय धरत होती.

फाटक वाजलं. मिश्राइन शाल गुंडाळून आल्या होत्या. "भाभीजी," त्या दारातूनच म्हणाल्या, "आपकी गाड़ी में कोई बैठा है क्या? सुबह से आवाज़ आ रही है. मैंने सोचा, कोई कुत्ता घुस गया होगा अंदर."

सकाळपासून. सकाळी हे दोघं अमीनाबादच्या बाजारात गेले होते. तोवर चंद्रहासने मनाच्या कोपऱ्यात एक जागा राखून ठेवली होती. दुःखात माणसाला काहीही ऐकू येतं, नवरा-बायको दोघांनाही एकच भास होऊ शकतो, असं काहीबाही. ती जागा आता गेली.

"देख लेते हैं," नयना शांतपणे म्हणाली. मिश्राइन गेल्या. तिने ताट झाकलं, पदर खोचला.

"आपल्याला वाटत होतं, आपण तिला ठेवून घेतलंय," ती म्हणाली. "ती अडकलीय हो. मला दाखवा, कुठे सैल करायचं ते."

"मी करतो."

"नाही. खाली मी जाते. तुम्ही वर बसा तिच्याजवळ."

६

सतरंजीवर नयना आडवी झाली. चंद्रहासने निप्पल दाखवलं, पाना बसवून दिला, डावीकडे फिरव म्हणून सांगितलं. बरणीत नवं ऑइल भरलं. मग तो पुढे गेला, दार उघडलं आणि सीटवर बसला.

इतकी वर्षं तो गाडीखाली असायचा. वर काय दिसतं, ते त्याला माहीत नव्हतं.

डॅशबोर्डखाली अंधार होता. त्याने दोन्ही पाय दाराबाहेर, फरशीवर ठेवले होते. आवाज थांबला होता. गाडीत पेट्रोलचा, जुन्या रेक्झिनचा आणि आणखी कशाचा तरी वास होता. स्पिरिटचा असावा. हात पुसायला स्पिरिट तो वापरतच असे, त्याने स्वतःला सांगितलं.

"सैल केलं," खालून नयना म्हणाली. तिचा आवाज अगदी रोजचा होता, शाळेत जाणाऱ्या मुलीची वेणी घालताना असायचा तसा. "दाब गं बाळा. भीती नको. दाब."

पेडल खाली जाऊ लागलं.

चंद्रहासने बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याची नजर गेली. पायपुसण्याचं रबर एका जागी दबलं होतं, टाच टेकवल्यासारखं. आणि त्या दबलेल्या जागेच्या वर, निमिषभर, एक घोटा होता. फिकट, सुजलेला. हाताला सुई लावायला शीर मिळेना, म्हणून शेवटी पायाला लावली होती, त्या जागेवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा होता, एका कडेने सुटलेला. चंद्रहासने डोळे मिटले आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

खाली बरणी खदखदत होती. आधी मोठे बुडबुडे, मग सलग, उसासा सोडल्यासारखी हवा. एवढी हवा त्या पेन्सिलीहून बारीक नळ्यांमध्ये मावणं शक्य नव्हतं. नयना मध्ये मध्ये म्हणत होती, "हां... येऊ दे... सगळी येऊ दे." तिचा आवाज एकदाच फाटला. मग खदखद कमी झाली. एकेक बुडबुडा. मग तोही नाही.

"नुसतं ऑइल येतंय हो," ती म्हणाली.

"आवळ."

पान्याचा आवाज आला. कोणी म्हणायचं, हे ठरलं नव्हतं. चंद्रहासने तोंड उघडलं, पण म्हणाली नयनाच.

"सोड, राणी."

पेडल अगदी सावकाश वर आलं. ठक आवाजही झाला नाही.

अंधार पडू लागला तेव्हा चंद्रहासने पहिल्यांदा स्वतःचा पाय पेडलवर ठेवला. ते दगडासारखं कडक होतं.

७

जानेवारीत नयनाची बहीण अरुणा पुण्याहून आली. मुक्ताचं वर्षश्राद्ध होतं. तिला आणायला दोघं ठोकळ्यांवरून उतरवलेली फियाट घेऊनच अमौसी विमानतळावर गेले.

निघताना नयनाने पुढचं डावं दार उघडलं, क्षणभर तशीच उभी राहिली आणि ते दार लावून मागे जाऊन बसली. चंद्रहासने विचारलं नाही. हजरतगंजच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्यालाही दिसलं. पुढच्या डाव्या काचेवर, आतल्या बाजूने, लहानसा वाफेचा गोल धरला होता. बाहेर बघत बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर धरतो, तसा. तो विरायचा, पुन्हा धरायचा. नयना मागून त्याच्याकडेच बघत होती. गाडी त्याने कधी नव्हे इतकी जपून चालवली, खड्डे चुकवत, ब्रेक हलके लावत.

धुक्यामुळे विमान उशिरा आलं. अरुणा बाहेर आली, बहिणीच्या गळ्यात पडून रडली, चंद्रहासचा हात धरून राहिली. मग बॅग पुढच्या सीटवर ठेवायला निघाली.

"तिथे नको," नयना म्हणाली. "मागे ठेव, आपल्या दोघींच्या मध्ये."

अरुणाने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने बॅग मागे घेतली. दुःखातल्या माणसाला कारण विचारायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

आलमबागपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलत होती, पुण्यातल्या थंडीचं, पुतण्याच्या नोकरीचं. मायेची बाई, शांतता सहन न होणारी. काचेवरचा गोल आता लहान झाला होता. रुपयाएवढा धरायचा आणि पुढचा धरेपर्यंत खूप वेळ जायचा. चंद्रहास आरशातून नयनाकडे बघत होता, नयना काचेकडे.

"अहो भावोजी, तुम्हाला डावीकडचा आरसा तरी दिसतोय का?" अरुणा म्हणाली. "काच धुरकटलीय बघा."

आणि दोघांपैकी कुणी काही म्हणायच्या आत ती पुढे वाकली आणि शालीच्या टोकाने तिने काच पुसली. नयनाने तिचं मनगट धरलं, पण तोवर पुसून झालं होतं.

"काय गं?" अरुणा दचकून म्हणाली. "काय झालं?"

नयनाने तिचा हात सोडला. "काही नाही," ती म्हणाली.

काच लख्ख झाली होती. तिच्यातून चारबागची गर्दी दिसली, मग हजरतगंज, मग गोमतीवरचा पूल आणि पुलाखालचं पांढरं धुकं. अलीगंजला घर येईपर्यंत ती तशीच लख्ख राहिली.